संध्याकाळी एक वाजता

आईचं, येशारेगचं, सातव्या वर्षाचं तेझकार, म्हणजे स्मरणाचं जेवण, शनिवारी पार पडलं. धर्मगुरू जेवून, तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणून गेले. रविवारी सकाळी मांडव उतरला आणि दुपारी अस्नाकेचने कॉफी भाजायला घेतली तेव्हा अंगणात अजून तेल्लाचा, घरी गाळलेल्या बिअरचा, आंबूस वास रेंगाळत होता. तिने खोलीत हिरवं गवत पसरलं, शेगडीत निखारे घातले आणि दाराकडे पाठ करून बसली. आज कुणाच्या नजरेला नजर द्यायची तिची तयारी नव्हती.

शनिवारी कोंबडीच्या रश्श्याच्या पातेल्याशी उभं राहून तिचं आणि थोरल्या भावाचं, बेलेतेचं, ठरलं होतं. कॉफीच्या पहिल्या पेल्याला बेलेतेने घराचा विषय काढायचा. दुसऱ्या पेल्याला तिने त्याची री ओढायची. तिसऱ्या पेल्याला, बेरेकाला, अबाये, म्हणजे वडील, होकार देतील. बेरेका म्हणजे आशीर्वाद. या घरात बेरेकावर बोललेला शब्द आजवर कुणी फिरवला नव्हता, आणि म्हणूनच तो पेला येण्याआधी सगळी भांडणं उरकून घ्यायची पद्धत होती.

अस्नाकेचला या सौद्यातून एक खोली हवी होती. चाळिशीला आलेली, सरकारी दवाखान्यात मुख्य परिचारिका असलेली बाई अजून बापाच्या खोलीबाहेरच्या पडवीत झोपत होती. तिला स्वतःचं दार हवं होतं, आतून कडी असलेलं.

मधली बहीण फंताये आली ती काखेत लॅपटॉप घेऊन.

"आल्या प्रोफेसरबाई," बेलेते म्हणाला. "आज तरी आकाशाला सुट्टी द्यायची."

"आकाशाला रविवार नसतो, गाशे." थोरल्या भावाला दोघी बहिणी गाशे म्हणत.

"आणि तुला तरी कुठे असतो?"

अबाये मेलाकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. काठी गुडघ्यांत, मांडीवर लाह्यांची परडी. खुबा मोडल्यापासून दीड वर्ष घरात त्यांची तीच जागा होती. जिना चढायला अस्नाकेचने मनाई केली होती आणि तिच्या मनाईपुढे दवाखान्यातले डॉक्टरही हरत.

पहिला पेला फिरला. बेलेतेने घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि ठरल्याप्रमाणे सुरुवात केली.

"अबाये, घरावर दोन मजले चढवावेत म्हणतो. पाहुण्यांसाठी खोल्या. सरोवराच्या काठाने प्रत्येकाने बांधल्या. आपलंच घर तेवढं टोपी घालायची राहिलेल्या पोरासारखं उघडं उभं आहे."

"उघडं नाही," फंताये म्हणाली. "वर अँटेना आहे."

"तेच म्हणतोय मी. घर काय उपग्रहांना भाड्याने दिलंय का? भाडं तरी देतात का ते?"

अबाये हसले. फंतायेही हसली, पण तिने पेला दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"एक वर्ष थांब, गाशे."

"पाच वर्षं तू एक वर्षच म्हणतेस."

"पाच वर्षं मी सूर्य म्हणतेय. तू ऐकतोस एक वर्ष. सूर्य अकरा वर्षांत एक फेरा पुरा करतो. कधी तापट, कधी थंड. त्याच्या तापटपणाबरोबर आपल्या डोक्यावरची हवा बदलते, फार वरची, उपग्रहाचा संदेश जिच्यातून खाली येतो ती. आपल्या इथे ती संध्याकाळी उकळायला लागते आणि संदेश थरथरतो. विमानाला स्वतःची जागा चुकीची कळते. हे युरोपात होत नाही, आपल्यावर होतं. त्यामुळे मोजायचं आपणच. माझी दहा वर्षं मोजून झाली. खंड एकदाही नाही."

हे सगळं घराला ठाऊक होतं. नॉर्वेतून पीएचडी करून परतलेल्या फंतायेने दुसऱ्या वर्षी गच्चीवर सिमेंटचा छातीइतका खांब बांधून घेतला आणि त्यावर उपड्या वाडग्यासारखी पांढरी अँटेना बसवली, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी येशारेगला विचारलं होतं, तुमची मुलगी वर मध गोळा करते का? येशारेग म्हणाली होती, हो, पण मधमाश्या फार लांब राहतात. आता तोच खांब फंतायेचं सगळं काम होता. तिची प्राध्यापकी, तिचे विद्यार्थी, परदेशातून येणारी पत्रं, सगळं त्या एका न हललेल्या बिंदूवर उभं होतं.

अस्नाकेचने कॉफीच्या मातीच्या किटलीत, जेबेनात, पुन्हा पाणी ओतलं. आता तिची पाळी होती.

"विद्यापीठात काय गच्च्या कमी आहेत, एत्ये?" ती मान वर न करता ताईला म्हणाली.

फंतायेने बहिणीकडे पाहिलं. म्हणजे हे दोघं एक झाले आहेत, हे तिला तेव्हा कळलं.

"विद्यापीठाच्या गच्चीवर मी आधी बसवली होती, अस्नू. वर्षाच्या आत तिथे पाण्याची टाकी आली. मला विचारलंही नाही. आणि आता हलवायची म्हटली तर ती नवी जागा, नवं मोजमाप. दहा वर्षं एकीकडे आणि एक वर्ष दुसरीकडे. कापड तेच, पण मध्ये फाटलेलं. अशा कापडाचा शर्ट कोण घालेल?"

"मी घालते," अस्नाकेच म्हणाली. "मी पडवीत झोपते, एत्ये. मला फाटक्याचं काही वाटत नाही."

फंतायेने पेला ठेवला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"बरं, भांडू आपण. पण त्याआधी मला एक सांगा. खरंच मला कळत नाहीये, म्हणून विचारते. वर गच्चीवर कोण जातं?"

"कोण जाणार?" बेलेते म्हणाला.

"कुणीतरी जातं. तीन महिने झाले. अँटेनाच्या वायव्येला, अगदी तिच्या खांद्याला लागून उभं राहतं. आकाशाचा तेवढा कोपरा तेवढ्या वेळापुरता बंद होतो. तिथून जाणारा उपग्रह मला दिसेनासा होतो."

"पतंग असेल. वाळत घातलेलं काहीतरी असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण वस्तूची सावली वेगळी असते, गाशे. उपग्रह आकाशात त्याच जागी रोज चार मिनिटं आधी येतो. भिंत किंवा दोरी आड आली तर सावलीही रोज चार मिनिटं आधी पडते. ही सावली सरकत नाही. रोज ठरल्या वेळेला येते. भिंतीला घड्याळ कळत नाही. म्हणजे हे माणूस आहे." ती पडद्यावर वाकली. तिच्या आवाजातलं भांडण केव्हाच गळून गेलं होतं. "रोज चार वाजता."

बेलेतेच्या हातातली लाही तोंडापर्यंत गेलीच नाही.

चार वाजता. सूर्य उगवून चार तास, अस्नाकेच दवाखान्यात, फंताये वर्गात, अबाये अंगणात उन्हाला बसलेले. अगदी हीच वेळ निवडून त्याने मिस्त्रीला मागच्या दाराने वर नेलं होतं. कुणीही पाहिलं नाही याची त्याला खात्री होती. त्या वाडग्याला डोळे असतील हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बेलेते पन्नाशी ओलांडलेला माणूस होता, चार लाँचचा मालक, धक्क्यावर त्याच्या शब्दाला वजन होतं. पण या धाकट्या बहिणीपुढे त्याला लहानपणापासून एकच भीती वाटायची : हिला आधीच माहीत असेल.

"बरं बाई, नेलं होतं मी त्याला," तो म्हणाला. "त्यात काय चोरी आहे? मिस्त्रीने माप घेतल्याशिवाय आराखडा कसा होणार?"

फंतायेने मान वर केली. "कुठला मिस्त्री?"

"आराखडा झालासुद्धा?" अस्नाकेचने विचारलं.

"कच्चा आहे गं. नुसता कच्चा."

"शनिवारी पातेल्यापाशी मला म्हणालास, तू हो म्हणशील तरच पुढे जाऊ. मी पातेलं ढवळत हो म्हटलं. आणि तुझा मिस्त्री आधीच वर जाऊन आला?" तिने हातातला झारा खाली ठेवला. "कच्च्या आराखड्यात माझी खोली कुठे आहे, गाशे?"

बेलेतेने बापाकडे पाहिलं. अबाये लाह्या निवडत होते.

"जिन्याखाली. पण मोठी आहे. चांगली मोठी."

"दार?"

"पडदा लावता येईल."

अस्नाकेचने दुसरा पेला भरला, बापाला दिला, आणि मग थोरल्या भावाच्या समोरून हात नेऊन पुढचा पेला फंतायेला दिला. या घरात असं कधी झालं नव्हतं. बेलेते रिकाम्या हाताने बसून राहिला.

फंतायेने पेला घेतला, पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. "मिस्त्री रोज येत होता?"

"रोज कशाला येईल? दोनदा आला. तोही जिन्याच्या बाजूला उभा होता, तुझ्या वाडग्याजवळ गेलाच नाही."

"मग तो नाही. हा रोज येतो. हा..." ती थांबली, आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं आई गं. चार. हे यंत्राचे चार आहेत!"

"यंत्राचे म्हणजे?"

"यंत्राचं घड्याळ आपलं नाही, सगळ्या जगाचं एकच असतं. मी दिवसभर त्याच्यातच असते, तोंडात तेच आलं. त्याचे दुपारचे चार म्हणजे आपला एक. संध्याकाळचा एक."

इथे तास सूर्यावरून मोजतात: सूर्य बुडाला की बारा, अंधार पडला की एक. बहिर दार शहरातलं शेंबडं पोरही असंच मोजतं, आणि फंतायेही घरात असंच मोजायची. आज पहिल्यांदा तिची जीभ घसरली होती, आणि त्या घसरणीत तिचा भाऊ सापडला होता.

"म्हणजे तू मला पकडलंच नव्हतंस," बेलेते सावकाश म्हणाला.

"मी कशाला पकडू? तू आपण होऊन उडी मारलीस."

अस्नाकेच आधी हसली. मग फंताये. शेवटी बेलेतेलाही हसू आवरेना. तेवढ्यात अस्नाकेचने जेबेनात उरलेल्या कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"पण मग एकला कोण?" फंतायेने पुन्हा विचारलं. "संध्याकाळी एकला तू, गाशे, धक्क्यावर असतोस. अस्नूची दवाखान्यात पाळी बदलते. मी विद्यापीठात. घरात असतं कोण?"

तिघांनी खिडकीकडे पाहिलं.

मेलाकू लाह्या निवडण्यात गढून गेले होते. ते पाण्यावर चाळीस वर्षं राहिलेले गृहस्थ होते आणि वारा फिरला की त्यांना पाठीला कळायचं. आता तो फिरला होता.

"उंदीर असेल," ते म्हणाले.

"उंदीर छातीइतका उंच नसतो, अबाये."

"आमच्या वेळी असायचे."

"अबाये!" अस्नाकेच उठूनच उभी राहिली. "तुम्ही जिना चढता? काठी घेऊन? अंधारात? खुबा मोडला तेव्हा कोण उचलत होतं तुम्हाला, उंदीर?"

"हळू चढतो."

"हळू पडता येत नाही!" ती फंतायेकडे वळली. "तुझं हे यंत्र नसतं ना, तर तो जिना मी केव्हाच बंद करून टाकला असता. दर आठवड्याला विद्यापीठातली तुझी पोरं येतात, वर जातात, दार उघडंच. गाशे, बांध तू. उद्या बांध. मी जिन्याखाली झोपेन, पण तिथे लोखंडी दार लाव आणि किल्ली माझ्याकडे दे."

अशा रीतीने दुसरा पेला संपेपर्यंत ती पुन्हा भावाच्या बाजूला गेली होती. फंताये एकटी उरली. पण एकटी उरल्याचं तिच्या ध्यानात आलेलं दिसत नव्हतं. ती खुर्ची ओढून बापाच्या समोर बसली.

"अबाये, वर काय बघता?"

त्यांनी हातातली लाही परत परडीत टाकली.

"तुझ्या आईचं आणि माझं एक भांडण राहिलंय," ते म्हणाले. "गोर्गोराहून सरोवर ओलांडून परतताना झेगेच्या भूशिराचं नाक वळलं की मी लाँचचा दिवा लावायचो. तिथून धक्क्यापर्यंत बराच वेळ लागतो. घरी पोचलो की कॉफी उकळून तयार. वारा असो, उशीर असो, कॉफी तयार. मी विचारायचो, तुला कळतं कसं? ती म्हणायची, गच्चीवरून दिवा दिसला. मी म्हणायचो, खोटं. मध्ये निलगिरीची रांग आहे, नाकाजवळचा दिवा या घरातून दिसूच शकत नाही. पाण्यावर जन्म माझा गेला, आणि ही मला दिव्याचं शिकवणार! ती म्हणायची, दिसतो. मी म्हणायचो, नाही. ती गेली तोवर मी मान्य केलं नाही."

"कॉफी मात्र खरंच तयार असायची," बेलेते म्हणाला. दहा वर्षं तोही त्या लाँचवर दोर ओढत होता.

"भोंगा ऐकत असेल," अस्नाकेच म्हणाली. ती उभीच होती, पण आवाज उतरला होता.

"भोंगा मी धक्क्याला लागताना वाजवायचो. तेवढ्यात दाणेही भाजून होत नाहीत." मेलाकूंनी परडी बाजूला ठेवली. "पावसाळा संपला तेव्हा हा मजल्यांचं पुन्हा नेटाने बोलायला लागला. म्हटलं, एकदा वर भिंती आल्या की मग कुणालाच कळायचं नाही. म्हणून जाऊन बघतो."

"आणि काय दिसतं?"

"हॉटेल. पिवळे दिवे आणि हॉटेल. म्हणजे ती खोटंच बोलत होती." ते थांबले. "पण मग कॉफी?"

तीन महिने या म्हाताऱ्याला झोप लागू न देणारा प्रश्न एवढाच होता. फंतायेने तो ऐकला आणि तिच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्यांना ओळखीचा असलेला एक भाव आला. अस्नाकेच तिला चिडवताना म्हणायची, एत्येला मासा लागला.

"गाशे, हॉटेल कधी झालं?"

"चार वर्षं. मी मासे देतो तिथे."

"एमायेला जाऊन सात." आईला तिघंही एमाये म्हणत. तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. "अबाये, अँटेना म्हणजे डोळाच आहे. जिकडे आड काही नाही तिकडे उपग्रह तिला पार पाण्यात बुडेपर्यंत दिसतो. आड झाड असलं तर झाडाच्या शेंड्यालाच तो मावळतो. आणि हा डोळा एमायेच्या खांद्याजवळ तीन वर्षं उघडा होता. ती वर नसायची तेव्हासुद्धा."

तिने आईच्या काळातले दिवस काढले आणि उपग्रहांच्या वाटा एकावर एक रचत गेली. पडद्यावर बारीक रेघा उतरत होत्या. वायव्येला त्या सगळ्या एका उंचीवर येऊन तुटत होत्या.

"ही निलगिरी," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर आहात."

मेलाकूंनी मान हलवली. त्यांना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

फंतायेने आणखी रेघा घातल्या. मग आणखी. बेलेते तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यालाच आधी दिसलं.

"इथे नाही तुटत."

झाडांच्या रांगेत एक बोटभर फट होती. त्या फटीतून रेघा सरळ खाली, पाण्यापर्यंत गेल्या होत्या. फंतायेने पुढची वर्षं लावून पाहिली. हॉटेल आलं त्या वर्षी फट बुजली.

"झेगेचं नाक कुठल्या दिशेला येतं, गाशे?"

बेलेतेला विचार करावा लागला नाही. हजार वेळा वळलेलं ते वळण त्याच्या मनगटात होतं. त्याने पडद्यावर बोट ठेवलं. ते फटीवरच पडलं.

मग फंताये स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी तिला सारखी सांगायची. एमाये, दोन हात उजवीकडे उभी राहा, माझ्या मोजणीच्या ऐन वेळेला आड येऊ नकोस. ती म्हणायची, मला इथूनच दिसतं. मी शेवटी प्रोग्रॅममध्ये एक ओळच लिहिली, तिची सावली वजा करायला. काय दिसतं, हे काही विचारलं नाही."

"म्हणजे चाळीस वर्षं ती मला खरं सांगत होती," मेलाकू म्हणाले.

"शेवटच्या तीन वर्षांचं मी सांगू शकते, अबाये. त्याआधीचं मला माहीत नाही. झाडं लहान असतील, मोठी असतील."

"तीन पुरेत," म्हातारा म्हणाला आणि हसला. "बाकीची मी उधारीवर मानतो."

अस्नाकेच केव्हा शेगडीपाशी जाऊन बसली ते कुणाला कळलं नाही. तिसऱ्या पाण्याला उकळी आली होती. तिने पेले भरले, या वेळी रीतीप्रमाणे, आधी बापाला, मग थोरल्या भावाला.

बेलेतेने पेला हातात धरून ठेवला. "फंताये, एक खरं सांग. मी उद्या बांधलं असतं, तर ही फट गेली असती का?"

या प्रश्नात काय आहे हे फंतायेला कळलं. होय म्हटलं असतं तर भांडण तिथेच संपलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मागचं साठवलेलं आहे, ते कुठे जात नाही. पुढचं तुटलं असतं. माझं अकरावं वर्ष. एमायेचा त्याच्याशी काही संबंध नाही."

बेलेतेने मान हलवली. लहानपणी लाँचवर चुकीचं सुकाणू कुणी धरलं होतं असं बापाने विचारलं की ही पोरगी असंच, स्वतःच्या विरुद्धही, खरं सांगायची. तेव्हा त्याला तिचा राग यायचा.

"मिस्त्रीला मी सांगतो," तो म्हणाला. "एक वर्ष. पण या वेळी तुझं वर्ष, सूर्याचं नाही."

"माझंच."

मेलाकूंनी पेला उचलला. "बेरेका," ते म्हणाले. "वर्षभर विटेला हात लावायचा नाही. त्यानंतर बांध, बेलेते. अस्नूची खोली वर, सरोवराच्या बाजूला. दारासकट. आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, तो मात्र याच आठवड्यात."

"कठडा कशाला?" अस्नाकेचने विचारलं. "तुम्हाला उत्तर मिळालं ना?"

"उत्तर मिळालं. आता उभा राहायला जातो."

"अबाये..."

"बेरेकावर बोललोय, अस्नू." ते फंतायेकडे वळले. "तुझ्या मोजणीच्या वेळेला आड येईन मी. चालेल?"

"येतच होता की."

"मग मलाही वजा कर."

"नवीन काही करायला नको," फंताये म्हणाली. "एमायेची ओळ आहे. तिच्यातच बसता तुम्ही. तीन महिने हिशेबातून तीच तुम्हाला पुसतेय."

मेलाकूंनी पेला रिकामा केला.

त्या संध्याकाळी फंताये विद्यापीठात गेली नाही. बारा वाजले, सूर्य बुडाला, पेलिकन पक्षी किनाऱ्याकडे परतले. ती खालच्या खोलीत पडदा उघडून बसली. एकाच्या सुमारास जिन्यावर काठीचा आवाज आला, आणि काठीमागे दुसरी, जड पावलं.

वरून बेलेतेचा आवाज आला. "एमाये नेमकी कुठे उभी राहायची?"

"इकडे. दोन हात डावीकडे. नीट लागून उभा राहा."

पडद्यावर वायव्येचा कोपरा अंधारला. येशारेगच्या नावाची ओळ नेहमीप्रमाणे धावली आणि तिने एक सावली पुसली. ओळ एका माणसाच्या बेताची होती. त्या सावलीला खेटून आणखी एक सावली शिल्लक राहिली.

फंतायेने ओळ रुंद करायला हात पुढे केला. शेगडीवर अस्नाकेचने कुणी न सांगता दाणे टाकले होते, त्यांचा वास आत आला. फंतायेने हात मागे घेतला आणि ते दोघे खाली येईपर्यंत ती नुसती बघत राहिली.